मंगळवारचा नॉर्मल माणूस

ला प्लाता शहरात देल्मो झानफ्रीनीला कोणी विचारलं, "काय करता?" तर "रेल्वेच्या कारखान्यात लेथवर होतो, आता निवृत्त" असं सरळ उत्तर तो कधी द्यायचा नाही. छाती पुढे काढून म्हणायचा, "मी नॉर्मल आहे. विद्यापीठात." समोरचा माणूस जरा मागे सरकायचा. मग देल्मो खूश होऊन सगळं सविस्तर सांगायला लागायचा आणि समोरच्याची बस चुकायची.

गोष्ट खरी होती. वैद्यकीय शाखेच्या जुन्या इमारतीत, अगदी वरच्या मजल्यावर डॉक्टर मिर्ता एचावे यांची प्रयोगशाळा होती. तिथं रक्तदाब असलेल्यांच्या रक्तातल्या प्लेटलेट तपासत. दर मंगळवारी काही रुग्ण यायचे आणि त्यांच्या जोडीला असा एक माणूस लागायचा, ज्याचं सगळं ठीक आहे हे आधीच माहीत आहे. त्याचं रक्त त्याच द्रावणात, त्याच यंत्रात घालायचं. त्याचा आकडा नेहमीसारखा आला की द्रावण ठीक, यंत्र ठीक, रुग्णांचे आकडे खरे. तो माणूस म्हणजे देल्मो. बाकीचे नॉर्मल लोक आले आणि गेले. कोणी सुईला कंटाळलं, कोणी लग्न करून कोर्दोबाला गेलं. देल्मोनं एकही मंगळवार चुकवला नाही.

"हिम्नासियाचा पाठीराखा आणि दाब नॉर्मल!" डॉक्टरबाई नव्या विद्यार्थ्यांना त्याची ओळख करून द्यायच्या. "यांच्यावर वेगळा प्रबंध लिहायला हवा." गावात फुटबॉलचे संघ दोन, त्यामुळे माणसंही दोनच प्रकारची, हिम्नासियाची नाहीतर एस्तुदियांतेसची. त्यातल्या हिम्नासियावाल्यांना जिंकायची आशा बापाकडून वारशानं मिळते, ती वापरायची वेळ सहसा येत नाही. त्यामुळे हा विनोद देल्मोला मनापासून आवडायचा. घरी जाऊन तो मेव्हणीला पुन्हा पुन्हा सांगायचा आणि ती पुन्हा पुन्हा म्हणायची, "ऐकलंय."

तिथं तो पहिल्यांदा गेला तो बायकोच्या मागे. निल्दा रुग्णांपैकी होती. ती आत गेली की हा बाहेर बाकावर बसून फुटबॉलचं पान वाचायचा. एकदा त्यांचा नॉर्मल माणूस आलाच नाही. रक्त काढणारी हायदे दारात आली. बुटकी, फटकळ, नाकावर माशी बसू न देणारी बाई. "अहो, फुकट बसलाय ते बसलाय, निदान हात तरी पुढे करा," ती म्हणाली. त्यानं हात पुढे केला. तेव्हापासून मंगळवारी नवराबायको दोघंही रक्त द्यायची आणि परत जाताना कोपऱ्यावरच्या बेकरीत मेदियालुना, चंद्रकोरीच्या आकाराचे गोड पाव, खायची.

पुढे निल्दाला झटका आला आणि आठवडाभरात ती गेली. त्यानंतरच्या मंगळवारी देल्मो एकटाच आला आणि बाकावर बसला. हायदेनं त्याला आत नेलं, रक्त काढलं, वर कापूस दाबून धरला आणि तो तिनं बराच वेळ सोडला नाही.

"दर मंगळवारी यायचं," ती म्हणाली. "तुमच्यावाचून माझं काम अडतं."

देल्मोला त्या दिवसांत एवढं एकच वाक्य समजलं. बाकी लोक काय काय सांत्वन करून गेले, त्यातलं त्याच्या डोक्यात काही शिरलं नाही.

आपल्या रक्ताचं पुढे काय होतं, हे त्यानं हायदेला एकदा विचारलं होतं. तेव्हा ती त्याला यंत्रापाशी घेऊन गेली होती.

"हे बघा. रक्त हळू फिरवलं की तांबड्या पेशी खाली बसतात. वर हे पिवळसर राहतं, त्यात प्लेटलेट तरंगतात. गढूळ दिसतंय ना? आता यातलं थोडं या द्रावणात टाकायचं. द्रावणातलं आम्ल प्लेटलेटच्या आत शिरतं. तिला ते सोसत नाही. तिच्या अंगाला बारीक बारीक दारं असतात. त्या दारांतून ती आम्ल बाहेर ढकलते आणि बदल्यात सोडियम आत घेते. मिठातलं सोडियम. अदलाबदल."

"आणि मग?"

"मग काय! सोडियमच्या मागोमाग पाणी येतंच. खारवलेलं सलामीचं मांस खाऊन तुम्ही नाही का घटाघटा पाणी पीत? तशी ती फुगते. सगळ्या फुगल्या की गढूळपणा उतरतो, उजेड जास्त पार होतो आणि ही लेखणी कागदावर खाली खाली येते. दारं उतावळी असली की रेघ धाडकन कोसळते. दाबवाल्या पुष्कळांची तशीच. तुमची बघा. पेन्शन घेऊन बँकेतून निघालेल्या म्हाताऱ्यासारखी, सावकाश."

देल्मोला आपली रेघ फार आवडली. त्याहून जास्त आवडली ती हायदेची काम करायची पद्धत. प्लेटलेटना गारठा सोसत नाही आणि हिसका सोसत नाही. फिरवण्याच्या यंत्रापासून गरम पाण्याच्या भांड्यापर्यंत चार पावलंच होती, पण तेवढ्या वाटेतही हायदे नळी मुठीत धरून, पोटाशी घेऊन न्यायची. पाय उचलायची नाही, फरशीवर घासत चालायची. त्या वेळी कोणी बोललं तर ती उत्तर द्यायची नाही. खुद्द डॉक्टरबाई बोलल्या तरी नाही.

असं सगळं बेताचं चाललं होतं. मग त्या वर्षीच्या पानगळीत देल्मो घोट्याला लावायचं मलम आणायला औषधाच्या दुकानात गेला. दुकानदाराचा मुलगा नुकताच शिकून आला होता आणि ज्याच्या त्याच्या दंडाला दाब मोजायचा पट्टा बांधत सुटला होता. देल्मो ऐटीत म्हणाला, "बांध, बांध. मी विद्यापीठाचा नॉर्मल आहे." मुलानं पट्टा बांधला, सोडला, परत बांधला.

"अठरा-अकरा," तो म्हणाला, म्हणजे एकशेऐंशी-एकशेदहा. "बारा-आठ हवा. काका, डॉक्टरांकडे जा."

देल्मो मलम न घेताच बाहेर पडला आणि चौकातल्या बाकावर जाऊन बसला. दाब काय करतो हे त्याला कोणी सांगायला नको होतं, त्यानं ते घरात पाहिलं होतं. पण खरं सांगायचं तर बाकावर त्याला आधी भीती वाटली ती मरणाची नाहीच. त्याला भीती वाटली मंगळवारची. नॉर्मल नसलेल्या माणसाला नॉर्मल म्हणून कोण बोलावील? मग आठवड्यात उरतं काय? बोचासच्या, म्हणजे गोळे फेकायच्या खेळाच्या, मैदानावर जाऊन अमेरिको तासाराची बडबड ऐकणं. अमेरिको एस्तुदियांतेसचा, आणि जिंकल्याच्या गोष्टी सांगून सांगून कान किटवणारा.

डॉक्टरकडे तो गेलाच नाही. तो गेला पोरोताच्या स्वयंपाकघरात. पोरोता म्हणजे निल्दाची थोरली बहीण. एकाच अंगणाच्या या बाजूला देल्मो, त्या बाजूला ती. तिला दाबाचा जुना त्रास होता, गोळ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असायच्या. त्या अंगणात येर्बाच्या कडू काढ्याची नळी जशी एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात जायची, तशीच औषधंही फिरायची. पोरोताच्या डोळ्यांचे थेंब देल्मोच्या डोळ्यांत, देल्मोचं खोकल्याचं सरबत पोरोताच्या पोटात. त्यात कोणाला वावगं वाटायचं नाही. मागितली असती तर तिनं गोळी दिलीच असती. पण मागायचं म्हणजे कशाला ते सांगायचं. म्हणून त्यानं चोरली. रविवारी एक, सोमवारी एक, मंगळवारी सकाळी एक. बुधवारपासून बंद, नाहीतर तिला कळलं असतं.

मंगळवारी हायदेनं पट्टा बांधला. बारा-आठ! देल्मोचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी त्यानं बेकरीत दोन मेदियालुना जास्त खाल्ल्या. गोळी घेतली, दाब उतरला, माणूस नॉर्मल, असं त्याचं साधं सरळ गणित होतं.

गोळीनं दाब उतरला होता. प्लेटलेटची दारं होती तशीच उतावळी राहिली होती.

देल्मोची रेघ धाडकन कोसळली. हायदेनं कागदाकडे पाहिलं, यंत्र बंद करून परत चालू केलं, नवा थेंब टाकला. पुन्हा तेच. पुढच्या मंगळवारी तिनं द्रावण नवं केलं. मग पाणी बदललं. मग दिवा बदलला. रेघ काही वर येईना. नॉर्मल माणसाचाच आकडा चुकतो म्हटल्यावर त्या दिवसांतले रुग्णांचे आकडेही केराच्या टोपलीत गेले. डॉक्टरबाईंना वसंतात मेंदोसाच्या परिषदेत हे सगळं मांडायचं होतं. त्या बाई वाईट नव्हत्या, पण घाईला आलं की खापर जवळच्या डोक्यावर फोडायची त्यांना सवय होती.

एका मंगळवारी देल्मो कापूस दाबून बाकावर बसलेला असताना दार उघडंच राहिलं होतं.

"बारा-आठ दाबाच्या माणसाची रेघ अशी उतरत नाही, हायदे," डॉक्टरबाई म्हणत होत्या. "माणूस तोच. दाब तूच मोजलास, चांगला आहे. द्रावण तीनदा बदललं. उरलं काय? तुझा हात. नळीला हिसका बसतोय. वय होतं ग, त्यात लाजायचं काय! पुढच्या महिन्यापासून मोजणी नवी मुलगी करील. तू काचसामानाच्या खोलीत बस, तिथं काही घाई नसते."

देल्मो वाट पाहत राहिला, आता हायदे उसळेल. तिनं याआधी अधिष्ठात्यांनासुद्धा सुनावलं होतं. पण आतून काहीच आवाज आला नाही.

थोड्या वेळानं ती बाहेर आली आणि त्याच्यासमोर हात पुढे करून उभी राहिली.

"बघा हो, थरथरतो का?"

"नाही."

"नीट बघा."

"नाही हो, अजिबात नाही."

"मलाही दिसत नाही," हायदे म्हणाली. "पण प्लेटलेटना कळत असणार. त्यांना माझ्याआधी कळलं." आणि हात कोटाच्या खिशात घालून ती आत गेली.

तेव्हा कुठं देल्मोच्या डोक्यात उजेड पडला. द्रावण चांगलं होतं, यंत्र चांगलं होतं, हात तर गावात नसेल इतका चांगला होता. खोटा होता तो फक्त दंडावरचा बारा-आठ. तो जिना उतरला आणि बेकरीकडे न बघता घरी गेला. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की अंगणात येर्बा घेऊन बसलेल्या पोरोताला त्यानं नमस्कारही केला नाही.

रविवारी त्यानं सवयीनं पत्र्याच्या डब्यात हात घातला.

"बिस्किटं शोधतोयस?" मागून पोरोताचा आवाज आला. "त्या डब्यात निल्दाच्या लग्नापासून बिस्किट नाही."

देल्मोचा हात डब्यातच राहिला.

"म्हणजे तू! अरे मेल्या, मला वाटलं माझी बुद्धी चालली! दर आठवड्याला गोळ्या कमी. मला वाटलं मीच दोनदा घेते आणि विसरते. मी पाद्रीबाबांकडे जाऊन आले! त्यांनी माझ्या डोक्यासाठी प्रार्थना केली!"

"ऐक तर..."

"काय ऐकू? मागता येत नव्हत्या?"

"मागितल्या असत्या तर तू विचारलं असतंस, कशाला."

"विचारणारच! कशाला?"

देल्मोनं सांगितलं. दुकानातला पट्टा, मंगळवार, रेघ, हायदेचा हात, सगळं. पोरोता ऐकता ऐकता खुर्चीवर बसली.

"निल्दा गेली तेव्हा तू याच खुर्चीवर बसून रडलास," ती शेवटी म्हणाली. "आता तुझ्यासाठी मी रडायला बसू? मला माझे गुडघे पुरे आहेत. घे ही गोळी. आज घे, उद्या घे, रोज घे. आणि त्या बाईला जाऊन सांग."

"सांगितलं तर मला काढतील ग."

"आणि नाही सांगितलंस तर तिला."

देल्मोनं गोळी तिच्या हातात परत ठेवली.

"मंगळवारपर्यंत नको. नुसतं बोललो तर डॉक्टरबाई म्हणतील, म्हातारा हायदेला वाचवायला बाता मारतोय. त्यांना पट्ट्यातच दिसू दे."

"गाढव आहेस," पोरोता म्हणाली. पण दोन्ही दिवस तिनं त्याच्या ताटात मीठ पडू दिलं नाही आणि खिडकीतून त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं.

मंगळवारी त्यानं हायदेला पट्टा बांधू दिला नाही. "आज डॉक्टरबाईंनी बांधायचा," म्हणून अडूनच बसला. डॉक्टरबाई चडफडत आल्या, पट्टा बांधला, हवा सोडली. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि दुसऱ्या दंडाला बांधला.

"देल्मो, हा दाब कधीपासून आहे?"

"पानगळीपासून."

"पण मागच्या मंगळवारी..."

"मागच्या मंगळवारी मेव्हणीची गोळी खाऊन आलो होतो. त्याच्या आधीही. दर मंगळवारी." त्यानं पोरोताच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट टेबलावर ठेवलं. "हायदेच्या हाताला काही झालेलं नाही. तो बरोबर सांगत होता. मी थापा मारत होतो."

डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला होता. वाया गेलेल्या कामाचा राग, आणि आपण काय बोलून बसलो त्याची लाज, दोन्ही एकदम. "हायदे," त्या म्हणाल्या, "मी तुला जे बोलले ते..." पण हायदेचं लक्ष नव्हतं. ती देल्मोकडे बघत होती आणि रागानं लाल झाली होती.

"काचसामान गेलं खड्ड्यात!" ती ओरडली. "अहो, निल्दाचं रक्त मी काढत होते! शेवटच्या मंगळवारीही मीच काढलं! तुम्हाला एकदा माझ्यासमोर बसून सांगता आलं नाही? काय वाटलं, मी हाकलून देईन?"

"हो," देल्मो म्हणाला. "तेच वाटलं."

हायदेनं तोंड फिरवलं. खिशातून रुमाल काढून ती जोरजोरात नाक पुसत राहिली.

पुढचं डॉक्टरबाईंनी शांतपणे सांगितलं. नॉर्मल म्हणून आता चालणार नाही, ते उघडच होतं. "मग रुग्णांत घ्या," देल्मो म्हणाला. तेही जमणार नव्हतं. त्यांच्या आताच्या अभ्यासात नुकताच दाब सापडलेले, अजून गोळी सुरू न झालेलेच रुग्ण लागायचे. "आणि तुम्हाला मी एक दिवससुद्धा बिनगोळीचं ठेवणार नाही. आजपासून रोज. स्वतःच्या नावानं, स्वतःच्या पाकिटातली." म्हणजे देल्मो ना इकडचा राहिला ना तिकडचा. त्यानं टोपी उचलली.

"एक मदत करा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमच्या वयाचा, खरोखर निरोगी असा कोणी माणूस शोधून द्या."

देल्मोला एकच नाव आठवलं आणि तोंड कडू झालं. अमेरिको तासारा. सलामीवर वरून मीठ भुरभुरणारा, जिना धावत चढणारा, आणि औषधाच्या दुकानातल्या मुलानं दोनदा तपासूनही बारा-आठ निघालेला. इतका अन्याय फक्त एस्तुदियांतेसवाल्यांच्याच बाजूनं होऊ शकतो, असं देल्मोला वाटलं. तरी तो गेला.

"मी? नॉर्मल?" अमेरिको बोचासचा चेंडू हातात झेलत म्हणाला. "तुझ्या जागी? अरे, अख्खं गाव जाणतं, तुझ्या संघाच्या जागी माझाच संघ हवा."

"येतोस की नाही ते बोल."

"येतो की. विज्ञानासाठी काय वाट्टेल ते."

पण मंगळवारी सुई बघितल्याबरोबर विज्ञानाचा हा भक्त पांढराफटक पडला. डोळे फिरले, आणि हायदेनं खांदा धरला नसता तर फरशीवरच आडवा झाला असता. शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिली हाक मारली ती देल्मोला. देल्मो बाहेर बाकावर बसला होता. निरोप घेऊन झाला होता, पण जिना उतरायला पाय निघत नव्हता.

"इकडे ये रे. बस इथं. माझा हात धर. गावात कोणाला सांगितलंस तर याद राख."

देल्मोनं हात धरला. हायदेनं सुई टोचली. अमेरिको डोळे घट्ट मिटून संत-साध्वींची नावं घेत होता. नंतर रेघ आली ती सावकाश, अगदी शहाण्यासारखी, जशी यायला हवी तशी. डॉक्टरबाई हसल्या. हायदेनं नळी पोटाशी धरून पुन्हा एकदा नेली, पुन्हा थेंब टाकला. पुन्हा तीच रेघ. मग तिनं आपला उजवा हात डाव्या हातात घेऊन जरा वेळ तसाच धरून ठेवला.

"पुढच्या मंगळवारी या," ती अमेरिकोला म्हणाली.

"हा बसणार असेल तर येतो," अमेरिकोनं देल्मोकडे बोट दाखवलं. "नाहीतर मला मेलेला समजा."

हायदे डॉक्टरबाईंकडे बघायलाही थांबली नाही. "बसणार," ती म्हणाली.

तेव्हापासून मंगळवारी दोघं येतात. एकाची रेघ काढायची, दुसऱ्यानं हात धरायचा. जाताना बेकरीत बसतात आणि फुटबॉलवरून इतकं भांडतात की तिथल्या पोरीला दोघांचे पैसे वेगवेगळे घ्यावे लागतात. पण अमेरिकोची सुई नंतर. आधी हायदे देल्मोला खुर्चीवर बसवते, बाही वर सारते आणि पट्टा बांधते.

"गोळी घेतली?"

"घेतली."

"कोणाची?"

"माझीच हो."

हायदे दाब घेते. बारा-आठ निघतो. तरी ती पट्टा सोडून, दुसऱ्या दंडाला बांधून, पुन्हा एकदा घेते.